सुटली म्हण, आक्का

आक्का, कावळा एवढ्या लगेच कशाला पाठवलास?

रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे पंचगंगेच्या काठी उभे होतो. नैवेद्य ठेवून माणसं मागं सरकतायत न सरकतायत, तोच तो आला आणि भातावर चोच मारून मोकळा झाला. आपल्याकडं कावळ्यासाठी किती ताटकळावं लागतं ते तुला माहीत आहे. ऊन चढतं, पोरं कंटाळतात, मग एकेक जण पुढं होऊन गेलेल्या माणसाला काय काय कबूल करतो. तुझ्या वेळी कुणाला काही कबूलच करावं लागलं नाही. "मन शांत हुतं बगा तिचं. कशातच अडाकलं न्हवतं," म्हातारे एकमेकांना सांगायला लागले. दाजींनी जोडलेले हात खाली सोडले आणि मोठा श्वास घेतला. मी त्यांच्याकडंच बघत होते. तुझा नवरा सुटला, आक्का. कोर्टात सुटतो तसा, सगळ्या भावकीसमोर.

मी तयारीनं आले होते. कावळा अडला की पुढं व्हायचं आणि म्हणायचं, "दाजी, कुत्र्याचं सांगा तिला. त्याबिगर शिवायचा न्हाय त्यो." वाक्य ओठावर आलेलं तसंच गिळलं. जिवंत होतीस तेव्हाही तू हेच करायचीस. मी भांडायला पदर खोचला की तू मधे येऊन चहा ठेवायचीस. मेल्यावरही तीच सवय.

म्हणून आता लिहूनच भांडते. इथं तुला मधे पडता येणार नाही.

कुत्र्यापासून सुरुवात करते. भडंग तुझ्याकडं आला तो चामड्याच्या वासानं. तुम्ही चपला करणारी माणसं, मागच्या अंगणात चामड्याचे तुकडे पडलेले, गल्लीतली सगळी कुत्री तिथं घुटमळायची. बाकीची तुकडा उचलून पळायची. हा तुझ्या हातातल्या भडंगाचा कागद चाटत बसला आणि मग उठलाच नाही. तांबूस अंग, त्यावर पांढरे ठिपके. तुझ्या सायलीनं नाव ठेवलं आणि तू हसलीस. माझ्याशी मात्र त्याचं कधी जमलं नाही. माझं मिरची कांडपाचं मशीन तुमच्या दारासमोर, माझ्या अंगाला बारा महिने तिखटाचा वास. मला बघितलं की तो शिंकायचा. "बग, कुत्र्यालाबी तू झोंबतीस," असं तू म्हणायचीस आणि दाजीसुद्धा हसायचे. तेव्हा ते हसले तरी मला चालायचं.

तो तुझी चप्पल उचलतो हे आधी मीच बघितलं. दाराशी तुमच्या घरातल्या सगळ्यांच्या चपला असायच्या, त्यातून बरोबर तुझी एक काढायचा आणि कोपऱ्यात नेऊन तिच्यावर बसायचा. चावायचा नाही, फाडायचा नाही. नुसता बसायचा आणि तुझ्याकडं बघत राहायचा. थोड्या वेळानं तुला फीट यायची. एकदा झालं, दोनदा झालं, मग मी तुला म्हटलं. तू वेणी घालत होतीस, चपलेच्या पट्ट्यावरची ती बारीक वाद्यांची वेणी. मान वर न करता म्हणालीस, "मला ठावं हाय. मी पडतो मग गोधडीवर." एवढंच. जगातली सगळ्यात मोठी गोष्ट सापडल्यासारखी मी नाचत होते आणि तू वादी ओढून गाठ मारलीस.

गोळ्या तू कधी चुकवल्या नाहीस, हे मी कुणापुढंही सांगेन. गोळ्यांनी फीट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. डॉक्टरांना मी कुत्र्याचं विचारलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, काही कुत्र्यांना माणसाच्या वासातला बदल आधी कळत असावा, पण त्याच्यावर विसंबू नका, गोळ्या चालू ठेवा. आम्ही गोळ्यांवरही विसंबलो आणि कुत्र्यावरही. भडंग चप्पल घेऊन बसला की तू हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवायचीस, कुशीवर पडायचीस, मी शेजारी बसायची. धारेच्या हत्यारावर पडणं नाही, चुलीवर पडणं नाही. तो होता त्या दोन वर्षांत तुझ्या कपाळाला नवी खोक पडली नाही. आरशात बघून तूच एकदा म्हणालीस, "आता जुनीच मोजायची राहिल्यात." त्या दोन वर्षांसाठी त्या कुत्र्याच्या पाया पडावं असं मला वाटतं.

आणि ज्याच्या पाया पडायचं त्याला पोत्यात घातलं.

थांब, घाई करत नाही. लपवाछपवीचं आधी बोलू, कारण तिथं आपलं भांडण अर्धवट राहिलंय. फीट लपवायची ही तुझी शिकवण आईकडून आलेली. शाहूवाडीला असताना तुला काही झालं की आई दार लावून घ्यायची आणि बाबांची चप्पल तुझ्या नाकाशी धरायची. लग्न होऊन इथं आलीस तर इथंही तेच. दिवसभर चामडं मांडीवर घेऊन बसणारी बाई तू. तुझ्या केसांना चामड्याचा वास, भाकरीला चामड्याचा वास, आणि तुला फीट आली की सासूबाई चप्पल घेऊन धावत यायच्या हुंगवायला! अगं, चामड्याच्या वासानं फीट जात असती तर तुला ती कधी आलीच नसती. हे मी बोलले तेव्हा तू इतकी हसलीस की डोळ्यांत पाणी आलं. पण सासूबाई गेल्यावरही तू लपवतच राहिलीस. आता कारण सायली होती. "फीटवाल्या आईची पोरगी कोण करून घेणार?" म्हणून गल्लीत तू सांगितलंस की आमच्या कुत्र्याला चपला पळवायची खोड आहे. तुझा जीव राखणाऱ्याला तूच चोर केलंस, आक्का. लोक त्याला दगड मारायला लागले तेव्हा तू आत जाऊन बसलीस.

दाजींना मात्र सगळं माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. एका दुपारी भडंग तुझी चप्पल घेऊन बसला तेव्हा मी दाजींना हाताला धरून दुकानातून आत आणलं. "थांबा हितं. बगा आता." तू गोधडीवर पडलीस. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तुला फीट आली. तू शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "पटलं?" ते म्हणाले, "योगायोग असतंय असलं." मग जाता जाता, "कुत्र्याच्या जिवावर जगायचं व्हय आता आमी?" म्हणजे पटलं होतं. पटलं म्हणूनच राग आला होता.

मग ती इचलकरंजीच्या पावण्यांची ऑर्डर आली. नवरीसाठी चपला. कोल्हापुरी नवी असताना चावते, नवरीच्या पायाला फोड यायला नकोत, म्हणून तुमच्या घरात एक गुपचूप रीत होती. नवरीचं माप तुझ्या पायाला जुळत असलं की तू पायाला तेल लावून तो जोड घरातल्या घरात घालून फिरायचीस. स्वयंपाकघर ते अंगण, अंगण ते स्वयंपाकघर. तळ मऊ झाला की पुसून कागदात गुंडाळायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, काय हात आहे दाजींचा, पहिल्या दिवसापासून पायात बसते चप्पल. पाय तुझे होते.

त्या दुपारी तुझ्या पायात तो नवा जोड होता. तू तो काढून जिन्याखाली ठेवलास, आणि भडंगनं त्यातली एक उचलली. त्याला काय कळणार, नवरीची कुठली आणि तुझी कुठली? तुझा वास होता, त्यानं उचलली. तू ओळखलंस आणि गोधडी अंथरलीस. त्या गडबडीत चपलेच्या कडेला कान असतात, त्यातल्या एकाच्या चामड्यात त्याचा दात रुतला. नेमके तेव्हाच पावणे दारात गाडीतून उतरले.

तू आत गोधडीवर थरथरत होतीस, मी तुझं डोकं धरून बसले होते, आणि बाहेरचं मला सगळं ऐकू येत होतं. "कुत्र्याच्या तोंडातली चप्पल आमच्या पोरीच्या पायात घालायची व्हय?"  हा जोड आठवडाभर बायकोच्या पायात होता हे दाजी कसं सांगणार? एका पायाची चप्पल नवी करून द्यावी तर तेही जमत नाही, दोन्ही एकाच कातड्यातून काढलेल्या, रंग जुळायचा नाही. पावणे चपला न घेता गेले. गल्लीतल्या माणसांनी बघितलं. दाजी आत आले, तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. जिन्याखाली बसलेल्या भडंगकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी कुत्रा नव्हता. "पळालं," दाजी म्हणाले. "बरं झालं, पीडा गेली."

तू माझ्या मशीनच्या पायरीवर येऊन बसलीस आणि माझ्याबरोबर मिरचीची देठं काढायला लागलीस. अर्धा ढीग संपवलास. मग हळूच म्हणालीस, "पळालं न्हाय गं. त्यांनीच सोडलंय. पोत्यात घालून टेंपोत टाकताना मी बगिटलं."

"कुटं सोडलंय?"

"न्हाय इचारलं मी."

"आन् गप्प बसलीस?"

"सुमे, आवाज नको करू. गल्लीत झालं तर लोक म्हणतील, एका कुत्र्यापायी एवढं काय? मग सगळंच सांगाय लागंल. सायलीचं लगीन व्हायचं हाय. तू बोलायचं न्हाय आन् हुडकायचं न्हाय. माझी शप्पथ हाय तुला."

माझा हात घेऊन तू स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. तिखटाचा हात, तुझ्या केसात. मी हात काढून घेतला नाही.

ती शप्पथ मी पाळली. लहानपणापासून आपल्याला एकच भीती घातलेली, शप्पथ मोडली की जिच्या नावाची घातली ती मरते. मी मोडली नाही, आक्का. एक शब्द बोलले नाही, कुठं हुडकायला गेले नाही. आणि तरी तू मेलीस. आता मला सांग, तुझ्या शपथेचा काय उपयोग झाला?

त्यानंतर महिनाभरात एका सकाळी तू चामडं भिजत घालायला अंगणातल्या हौदापाशी गेलीस. दाजी दुकानात, सायली कॉलेजला, मी मशीनवर, समोर बायकांची रांग. मशीनच्या आवाजात मला काय ऐकू येणार? हौदात गुडघाभर पाणी. तू तोंडावर पडलीस.

शाहूवाडीला आपल्या भाताच्या खाचरात तू पहिल्यांदा पडलीस तेव्हा रोपलावण चालली होती. पाणी घोट्याच्या वर नसेल. मी एवढीशी, काय चाललंय ते कळत नव्हतं, पण तुझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून मी तुझं तोंड पाण्याच्या वर ठेवलं आणि बोंब मारली. आई बांधावरून धावत येईपर्यंत सोडलं नाही. पुढं प्रत्येक दिवाळीला तू ते सगळ्यांना सांगायचीस. "हिनं धरलं म्हणून मी हाय." त्या एका गोष्टीच्या बदल्यात तू मला किती दिलंस. माझं लग्न याच गल्लीत जमवलंस. मशीन घेताना घरच्यांशी माझ्या बाजूनं भांडलीस, तू, जी स्वतःसाठी कधी भांडली नाहीस. हंगामात माझ्या हातांची आग व्हायची तेव्हा संध्याकाळी येऊन माझ्या बोटांना तूप चोळायचीस, एकेका बोटाला. आता तुला सांगते, तूप चोळून घ्यायला मी कधीकधी आग नसतानाही हात पुढं करायची.

त्या सकाळी हनुवटी धरायला कुणी नव्हतं. भडंग असता तर तू हौदाकडं गेलीच नसतीस. हे मी दाजींना माफ करू? तू म्हणशील, कर. नाही करणार.

कावळा शिवला आणि मी ठरवलं, तू गेलीस, आता शपथेतलं हुडकायचं नाही हे निम्मं तरी मोडायचं. दाजींचा माल दर आठवड्याला गडहिंग्लजच्या बाजाराला जातो. मीही मिरची तिथूनच आणते. पुढच्या बाजाराला गेले, पण मिरचीकडं न जाता आधी चपलांच्या ओळीत गेले. कुत्रा चामड्याच्या वासालाच जाणार हे मला माहीत होतं. ओळीच्या टोकाला एक म्हातारी चपला मांडून बसली होती आणि तिच्या गोणपाटावर हा. वाळला होता. एक कान फाटला होता.

"आव्वा, कुत्रं कुणाचं हे?"

"कुणाचं न्हाय की. आपलं आपण येऊन बसलंय. शानं हाय बगा. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईची चप्पल हुंगतंय आन् सोडून देतंय. उचलत काय न्हाय. काय हुडकतंय कुणाला ठावं."

मी तिथंच खाली बसले. भर बाजारात, लोकांच्या पायांत. त्यानं मला हुंगलं, शिंकला, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तुझ्या मातीला आलं नव्हतं एवढं रडू मला तिथं आलं. म्हातारी म्हणाली, "पावणं, न्यायचं असलं तर न्या की, रडताय कशापायी?"

मिरचीच्या टेंपोत पोत्यांमधे त्याला घेऊन बसले. कोल्हापूर येईपर्यंत तो शिंकत होता.

मी त्याला माझ्या मशीनच्या दारात बांधला. दुकानात बसलेल्या दाजींच्या बरोब्बर समोर. त्यांनी मान वर केली आणि तोंडाचा रंग उतरला. खरं सांगते, तुझ्या जाण्यानंतर मला पहिल्यांदा भूक लागली. चांगलं पोटभर जेवले.

शपथेतलं बोलायचं नाही हे निम्मं मी अजून पाळत होते, पण अक्षरापुरतं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "अगं, हे तर पळालंतं न्हवं? गावलं कुटं?" मी म्हणायची, "गडहिंग्लजला." "आन् एवढ्या लांब गेलं कसं?" मी दुकानाकडं बोट करायची. "दाजींना इचारा की. ते जातात तिकडं." शेजारची म्हातारी तर दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "काय वो, तुमचं कुत्रं येष्टीनं गेलतं व्हय? तिकीट कुणी काढलं?" दाजी चपलेचा तळ ठोकत राहिले. ते रोज दुकान उशिरा उघडायला लागले आणि मी रोज मशीन लवकर. एका संध्याकाळी ते रस्ता ओलांडून आले, म्हणाले, "सुमन, कुत्रं दे. सायली रडालीया." मी म्हटलं, "पळून जायाचं न्हवं परत? नगं." त्यांना हात हलवत परत जाताना बघायला मला बरं वाटलं. तुला वाईट वाटलं असेल, वाटू दे.

मग तुझी लेक मधे आली. तुझ्यासारखीच, मधे येणारी.

सायली रोज कॉलेजमधून आली की भडंगला भेटायला यायची. त्या दिवशी पायरीवर बसून त्याला भाकरी चारत होती. चटणीचा हंगाम, मशीन जोरात, हवेत तिखट. एकाएकी तिचा हात हवेत थांबला. डोळे उघडे, पण बघत नव्हते. तोंड चघळल्यासारखं हलायला लागलं. बायकांना वाटलं विचारात आहे. मी मशीन बंद केलं, कारण मला ते तोंड ओळखू आलं. तुझं सुरुवातीला असंच व्हायचं. मी तिला धरलं, "सायले, सायले." थोड्या वेळात ती भानावर आली आणि म्हणाली, "काय गं मावशी? भाकरी कुठं गेली?"

आणि भडंग? भडंग शिंकत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. त्याला काही कळलंच नव्हतं. त्याच्या पुढ्यात बसलेल्या पोरीचं त्याला कळलं नाही, कारण मी त्याला सूडापायी तिखटात बांधला होता.

डॉक्टरांनी तपासलं. आईचं आहे म्हणून पोरीलाही असायलाच पाहिजे असं नसतं म्हणाले, पण हिला आहे. गोळ्या सुरू झाल्या. मला कळून चुकलं की कुत्रा माझ्याकडं ठेवून उपयोग नाही. तो राहायला पाहिजे ती रात्रंदिवस राहते त्या घरात, चामड्याच्या वासात, तिखटापासून लांब. म्हणजे दाजींच्या घरात. आक्का, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला! बाजू शेवटी त्यांचीच वर झाली असं वाटलं. मी कुत्रा द्यायला तयार झाले, पण फुकट नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी आपणहून आले. समोर बायका पिशव्या घेऊन बसलेल्या. मी मशीन बंद केलं. गल्ली एकदम शांत झाली.

"दाजी, कुत्रं देतो. आधी ह्यास्नी सांगा, कुत्रं पळालंतं का?"

ते एक पायरी खाली उतरले. मला वाटलं, जातील निघून. मग म्हणाले, "न्हाय. मी सोडलतं. पोत्यात घालून."

"कशापायी?"

"पावण्यांम्होरं लाज गेली म्हणून."

"ते चप्पल का उचलायचं, तुमाला ठावं हुतं का न्हवतं?"

"ठावं हुतं." त्यांचा आवाज फुटला. "डोळ्यानं बगिटलं हुतं. फीट यायची तिला, लानपणापास्नं. ह्यो आधी सांगायचा. मी सोडला आन् ती हौदात पडली. आता पोरीलाबी फीट येतीया. झालं? आनी काय पायजे तुला?"

तुझं आणि पोरीचं मी मागितलं नव्हतं. फक्त कुत्र्याचं मागितलं होतं. तू जन्मभर झाकलेलं त्यांनी एका दमात गल्लीत मांडलं. आता या बायका काय म्हणणार? सायलीचं काय होणार? तेवढ्यात मागं बसलेली एक बाई पिशवी बाजूला ठेवून म्हणाली, "माझ्या जावंलाबी येतीया की. आमी कुणाला बोललो न्हाय." आणि दुसरी म्हणाली, "कंच्या डाक्टरकडं जाताय तुमी?" बास. एवढंच झालं. याच्यासाठी तू आयुष्यभर दार लावून पडलीस, आक्का? या बायकांना भिऊन? मला हसू की रडू कळेना. मी दाराशी जाऊन कुत्रं सोडवलं.

भडंगचा दोर मी दाजींच्या हातात दिला. "कुत्रं दिलंय," मी म्हटलं. "माफी दिल्याली न्हाय." ते म्हणाले, "मागिटली न्हाय मी." हा माणूस मला आवडत नाही, पण ते उत्तर मला पटलं.

आता तुला रोजचं सांगते. मशीनचा धुरळा आणि तिखट मी मागच्या बाजूला काढलंय, भिंत फोडून पंखा बसवला. पुढचं दार बंद ठेवते. हंगामात उकाड्यानं जीव जातो, पण तुमच्या दाराकडं तिखट जात नाही. रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी मी दार उघडून समोर बघते. दाजी सायलीच्या दोन्ही चपला घेऊन उंबऱ्याशी येतात. वाकतात. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकतात. तुझ्या चपलेला ज्यांनी आयुष्यात हात लावला नाही ते लेकीच्या चपला जोडीनं भडंगपुढं मांडतात आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहतात. तो हुंगतो. सावकाश हुंगतो, घाई करत नाही. तेवढा वेळ दाजी श्वास घेत नाहीत. मला इथून दिसतं.

कावळ्यानं त्यांना सोडलं, आक्का. या कुत्र्यापुढं ते रोज सकाळी उभे राहतात, आणि जोवर लेक घरात आहे तोवर राहतील. मी समोरून बघत राहणार आहे. यात तू पडू नकोस. चहा ठेवू नकोस.

तू घातलेली शप्पथ मी हे लिहून शेवटी मोडलीच. लहानपणी तू अशीच शप्पथ घालून कोंडीत पकडायचीस, आणि मग मी रडकुंडीला आले की हसून म्हणायचीस, सुटली. त्या दिवशी मशीनच्या पायरीवर ते म्हणायचं तू विसरलीस.

आज सकाळी त्यानं दोन्ही चपला हुंगल्या, सोडल्या आणि उंबऱ्यात पसरला. सायली त्या पायांत घालून कॉलेजला गेली. मी दार लावलं आणि मशीन चालू केलं. आता तरी सुटली म्हण.